म्हाताऱ्या बैलाला नवा जोडीदार

आमचे गाव वसमत तालुक्यात आहे. आखाड्यावर आमचा राजा नावाचा लाल कंधारी बैल आहे. ही जात नांदेड जिल्ह्यातल्या कंधारची, रंग तांबडा. राजाचे दात झिजलेत, म्हणजे वय झाले. (बैलाला पुढचे दात फक्त खालीच असतात, वर नसतात. बघा कधी!)

राजाचा जोडीदार पोळ्याच्या आधी मेला. तेव्हापासून राजा कडबा नुसता हुंगायचा. बैल कळपातला प्राणी, त्याला एकट्याला करमत नाही. म्हणून बाबांनी एक गोऱ्हा आणला.

नवा बैल लगेच जवळ बांधायचा नसतो. गव्हाण जुन्याची असते, तो शिंगे मारतो. आधी आठ दिवस समोर लांब बांधला. दोघे एकमेकांना बघत होते, वास घेत होते. नवीन पोरगं वर्गात आलं की आपणही आधी लांबूनच बघतो ना! मग रोज थोडे जवळ, पण दावं आखूड. राजा फुरफुरला की गोऱ्हा मान खाली घालायचा. आबा म्हणाले, "आता जमतंय." एक दिवस राजाने त्याची मान चाटली.

मग दोघांच्या मानेवर नुसतं जू ठेवलं, नंतर हलका वखर. राजाला त्याच्या नेहमीच्या बाजूलाच जुंपतात. गोऱ्हा पळतो, राजा हळू चालतो, त्यानं जू तिरपं होतं अन् खांदा सोलतो. म्हणून बाबा गोऱ्ह्याचा कासरा ओढून धरतात, खांद्याला हळद लावतात.

आता दोघांची गव्हाण एकच. पण पेंड टाकली की आधी राजा, मग गोऱ्हा.