बोअर फेल का जाते? मॅग्मा, लाव्हा आणि आमच्या रानातला मुरूम

कालचा भाग ज्यांना ऐकायला जमला नाही त्यांच्यासाठी हे लिखित रूप. थोडं साफसूफ केलंय, बाकी बोललो तसंच.

दोन उन्हाळ्यांपूर्वी सिन्नर तालुक्यातल्या आमच्या रानात बाबांनी बोअर घेतली. पाणाड्याच्या तळहातावर नारळ उभा राहिला, तिथे खूण केली. 420 फूट गेलो, नुसता धुरळा. शंभर पावलांवर शेजारच्या काकांच्या विहिरीला 45 फुटांवर पाणी! बाबा त्या रात्री जेवले नाहीत. मी बी.टेक., दिवसभर सर्व्हरचे लॉग वाचतो, पण त्या भोकातून निघालेला चुरा काही मला वाचता आला नाही.

तर आधी दोन शब्द, जे सगळेच घोटाळतात. वितळलेला खडक जमिनीच्या पोटात असतो तोवर मॅग्मा, बाहेर आला की लाव्हा. माल तोच, पत्ता बदलला. तो थिजून होतो बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा आला, पसरला, थिजला, मग त्याच्यावर पुढचा थर. सह्याद्रीचे कडे लांबून पायऱ्यांसारखे दिसतात ना, ते हेच थर. याचं नाव डेक्कन ट्रॅप. ट्रॅप म्हणजे सापळा नाही बरं का, पायरीसाठीच्या स्वीडिश शब्दावरून आलंय. (मी कॉलेजपर्यंत सापळाच समजत होतो.)

आता पाणी. आपल्याकडे जमिनीखाली नदी वाहत नसते. पाणी असतं खडकाच्या फटीत आणि भोकांत. लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे अडकतात, त्यातून भोकाभोकांचा मांजऱ्या खडक होतो. पण बऱ्याचदा ही भोकं नंतर पांढऱ्या खनिजांनी, झिओलाइटने, बुजून जातात. भोकं असणं म्हणजे सच्छिद्रता. ती एकमेकांना जोडलेली असणं, पाणी पुढे सरकू देणं, ती पार्यता. हार्ड डिस्क मोठी आहे पण केबलच नाही, तर काय उपयोग? दोन्ही जमलं आणि पाणी उपसता आलं, तर त्या थराला जलधर म्हणायचं.

ऊन-पावसाने बेसॉल्ट झिजतो त्याचा होतो मुरूम. पाणी मुरतं ते मुख्यतः या मुरुमात आणि त्याखालच्या तडकलेल्या खडकात. काकांची विहीर नेमकी तिथे थांबलीय. आम्ही मात्र मुरूम ढासळू नये म्हणून वरचे 50 फूट केसिंग टाकलं, म्हणजे वरच्या पाण्याची वाट आपल्याच हाताने बंद केली, आणि खाली सलग काळ्या पाषाणात घुसत राहिलो. त्यात एखादी भेग लागली तर नशीब. खोल जावं तशा भेगा साधारणपणे कमी आणि घट्ट होत जातात. बोअरवाल्याचं बिल मात्र फुटावर!

या वर्षी बाबा म्हणतात, 600 फूट जाऊ. मी म्हटलं, बाबा, आधी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या ऑफिसात जाऊन येऊ, आणि पाऊस संपला की गावातल्या चार विहिरींत वाकून बघू, मुरूम कुठवर आहे ते. ते हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत.

तुमच्याकडे बोअर घेताना किती फुटांवर कोणत्या रंगाचा चुरा निघाला, ते व्हॉइस नोटवर पाठवा. पुढच्या भागात तेच ऐकू.