ड्राफ्ट : गरज महत्त्वाची की गुणवत्ता?

अमेरिकेतील एनबीए बास्केटबॉल स्पर्धेत नवोदित खेळाडूंची निवड 'ड्राफ्ट'द्वारे होते; संघ ठरलेल्या क्रमाने एकेक खेळाडू निवडतात. संघातील उणीव भरून काढावी की उपलब्ध सर्वोत्तम खेळाडू घ्यावा, हा त्यातील जुना वाद.

१९८४ मध्ये पोर्टलंडचा क्रमांक दुसरा होता. क्लाइड ड्रेक्सलरसारखा गार्ड संघात असल्याने त्यांना बास्केटजवळ खेळणारा उंच सेंटर हवा होता. म्हणून त्यांनी सॅम बोवीला निवडले. पायाच्या दुखापतीमुळे बोवी महाविद्यालयीन स्पर्धेच्या दोन हंगामांना मुकला होता, हे ठाऊक असूनही! तिसऱ्या क्रमांकावरील शिकागोला मायकेल जॉर्डन मिळाला आणि पुढे सहा विजेतेपदेही.

२००७ मध्ये पहिल्या क्रमांकावर पोर्टलंडने पुन्हा सेंटरच निवडला, ग्रेग ओडेन. त्याला दुखापतींनी ग्रासले; सिएटलने निवडलेला केविन ड्युरँट चमकला. मात्र या वेळी पोर्टलंडला दोष देणे कठीण, कारण बहुतेक जाणकारांचा कल ओडेनकडेच होता.