फक्त फोन नव्हता म्हणून मुले मागे पडली का?

मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे शाळांना कुलूप लागले. अकोला जिल्ह्याच्या अकोट तालुक्यातल्या एखाद्या गावात जे मूल त्या जूनमध्ये पहिलीत जाणार होते, त्याचा वर्ग रीतसर उघडला तो थेट १ डिसेंबर २०२१ ला. तोवर पहिलीचे अख्खे वर्ष आणि दुसरीचे जवळपास अर्धे वर्ष निघून गेले होते. मधल्या काळात शाळा उघडण्याच्या तारखा आल्या, पण त्या मोठ्या मुलांच्या होत्या. नववी ते बारावीसाठी २३ नोव्हेंबर २०२०, पाचवी ते आठवीसाठी २७ जानेवारी २०२१. लगेच फेब्रुवारीत अमरावती विभागात साथ पुन्हा उसळली, अमरावती आणि अचलपूरला लॉकडाऊन लागला, अकोला, अकोट, मूर्तिजापूरवर निर्बंध आले आणि उघडलेली दारे परत लागली. मग ऑक्टोबर २०२१ मध्ये ग्रामीण भागातले पाचवीपासूनचे वर्ग सुरू झाले. पहिली ते चौथीची मुले प्रत्येक वेळी रांगेत शेवटी राहिली. या वीस महिन्यांबद्दल आपल्याकडे काही समजुती आता पक्क्या झाल्या आहेत : गरिबांकडे फोन नव्हते म्हणून मुले मागे पडली, अडाणी आईबाप काय शिकवणार, शाळेने सगळे पाठवले, पालकांनीच पाहिले नाही, आणि लहान मुलांचे तसे काय बुडते. माझे म्हणणे असे की या समजुतींनी खरी उणीव झाकून टाकली आहे. घरे मदतीला तयार होती आणि बऱ्याच अंशी ती मदत करतही होती. कमी पडला तो शाळेकडून घराकडे येणारा निरोप. घराला जे करता येण्यासारखे होते, ते त्याच्याकडे फारच थोड्या वेळा मागितले गेले.

फोनची गोष्ट आधी घेऊ, कारण ती सगळ्यात जास्त सांगितली जाते आणि अर्धी खरी आहे. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात शाळेत जाणाऱ्या मुलांच्या घरी स्मार्टफोन असण्याचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते. २०२० मध्ये ते ६१.८ टक्के झाले आणि २०२१ मध्ये ६७.६ टक्के. तीन वर्षांत जवळपास दुप्पट; लोकांनी पोटाला चिमटा घेऊन फोन घेतले. पण घरात फोन असणे आणि तो मुलाच्या हातात असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०२१ मध्ये फोन असलेल्या घरांतल्याही सुमारे २६ टक्के मुलांना तो वापरायला मिळत नव्हता. फोन बापाच्या खिशात वावरात जातो, दिवेलागणीला परत येतो, आणि आल्यावर आधी दहावीतल्या ताईच्या हातात पडतो. दुसरीतल्या धाकट्याची पाळी येईपर्यंत एक तर बॅटरी संपते, नाहीतर त्याचे डोळे मिटतात. इथपर्यंत ती समजूत बरोबर आहे. पण सप्टेंबर २०२० च्या त्याच पाहणीतले दुसरे दोन आकडे सहसा कुणी सांगत नाही. चालू इयत्तेची पाठ्यपुस्तके ८० टक्क्यांहून अधिक मुलांकडे होती. आणि मागच्या आठवडाभरात शाळेकडून अभ्यासाचे काहीही मिळालेली मुले होती सुमारे एक तृतीयांश. म्हणजे फोन साठाहून अधिक टक्के घरांत, पुस्तक ऐंशीहून अधिक टक्के मुलांकडे, आणि शाळेचा निरोप तिघांतल्या एकाला. साधन नव्हते म्हणून शिकणे थांबले, असे या आकड्यांवरून म्हणता येत नाही.

आता जो निरोप येत होता, तो जरा जवळून पाहू. ज्यांना काही मिळाले त्यांना ते मुख्यतः व्हॉट्सअ‍ॅपवरून मिळाले, आणि त्याचा साचा ठरलेला असे : एखाद्या व्हिडिओची लिंक, खाली ‘पान ३४ वरील स्वाध्याय वहीत सोडवून फोटो पाठवा’, आणि त्याखाली वीस-पंचवीस अंगठे. हा निरोप मुलासाठी लिहिलेला आहे, पण पहिली-दुसरीच्या मुलाला तो वाचता येत नाही. तो येतो पालकाच्या फोनवर, पण पालकाने काय करायचे ते त्यात नाही. मुलाला अक्षर ओळखता येते का, वजाबाकी कुठे अडते, हे विचारायलाही त्यात जागा नाही. अंगठा दिला की निरोप पोचला असे धरले गेले. निरोप पोचणे म्हणजे आधार मिळणे, हा माझ्या मते या सगळ्यातला सर्वांत महागात पडलेला गैरसमज आहे. याच काळात आफ्रिकेतल्या बोत्सवाना देशात एक मोठा प्रयोग झाला. तिसरी ते पाचवीच्या मुलांची सुमारे साडेचार हजार कुटुंबे निवडली. काहींना आठवड्याला गणिताचे साधे एसएमएस गेले. काहींना एसएमएसबरोबर आठवड्यातून एकदा शिक्षकाचा वीसेक मिनिटांचा फोन गेला, आणि पालकाला सोबत बसवून मुलाशी एखादे उदाहरण तोंडी सोडवले गेले. नुसत्या एसएमएसचा शिकण्यावर म्हणावा असा परिणाम दिसला नाही. फोनवर बोलणे झाले तिथे मुलांचे गणित स्पष्टपणे सुधारले, शिवाय आपले मूल नेमके कुठे आहे याचा पालकांचा अंदाजही सुधारला. यासाठी स्मार्टफोन लागला नाही, इंटरनेट लागले नाही. साधा बटनांचा फोन पुरला. अकोटच्या खेड्यांत असे फोन टाळेबंदीच्या आधीपासून होतेच.

‘अडाणी आईबाप काय शिकवणार’ हे वाक्य तर पालक स्वतःबद्दलही बोलतात, म्हणून त्याला जरा थांबून उत्तर द्यायला हवे. २०२० च्या ‘असर’ पाहणीत चारपैकी सुमारे तीन मुलांना घरातून अभ्यासात काही ना काही मदत मिळत होती. ज्या घरांत आई आणि बाप दोघेही प्राथमिकच्या पुढे गेलेले नव्हते, तिथेही निम्म्याहून अधिक मुलांना ती मिळत होती, आणि अशा घरांत मोठ्या भावंडांचा वाटा बराच होता. शिकवणे आणि शिकायला मदत करणे यांत फरक आहे, आणि या वयात दुसऱ्या गोष्टीला वजन जास्त आहे. मूल मोठ्याने वाचत असताना ते अडखळते की सलग वाचते, हे कळायला ऐकणाऱ्याला अक्षरओळख लागत नाही. वाचून झाल्यावर ‘मंग काय झालं?’ एवढे विचारले की मुलाला वाचलेले समजून सांगावे लागते. गणिताचे तर वऱ्हाडात विचारूच नका. दिवाळीच्या सुमारास कापसाच्या वेचणीला गेलेल्या बाईचा कापूस संध्याकाळी काट्यावर चढतो. समजा सदतीस किलो भरला आणि किलोमागे आठ रुपये ठरले आहेत. ती बाई शाळेची पायरी न चढलेली असली तरी आपली मजुरी दोनशे शहाण्णव होते हे चोख सांगते, कारण ती चाळीस आठे तीनशे वीस धरून त्यातून तीन आठे चोवीस वजा करते. तिसरी-चौथीच्या पुस्तकात नेमके हेच शिकवायचे असते. तिच्या मुलाला घरी बसून हे तिच्याकडून शिकता आले असते. त्यासाठी त्याला वावरात राबवायची मुळीच गरज नव्हती. पण ‘आज आईला विचारा, किती किलो, काय भाव, किती पैसे, आणि तुम्ही ते कसे मोजले ते सांगा’ असा निरोप शाळेकडून यायला हवा होता. तो आला असता तर त्या बाईला आपल्याला गणित येते हेही कळले असते.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. शाळा चालवणे हे सरकारचे काम. ते गरीब घरांवर, त्यातही दिवसभर राबून आलेल्या आईवर का लोटायचे? शिक्षण हक्क कायद्याने मुलाला शाळा आणि शिक्षक देण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे, आणि घराची मदत हा तिचा पर्याय कधीच होऊ शकत नाही. मला हे मान्य आहे. म्हणूनच मी घराकडून अभ्यास ‘घेण्याची’ अपेक्षा करत नाही. स्वाध्याय सोडवून घ्या, फोटो काढा, पाठवा, हे काम खरे तर आईवर शिक्षकाचे ओझे टाकणारे होते, आणि ते तिला जमले नाही म्हणून दोषही तिलाच मिळाला. भाकरी थापताना दहा मिनिटे मुलाचे वाचन ऐकणे हे ओझे त्या जातीचे नाही. शिवाय फोन करणे, मुलाची पातळी पाहणे, पुढे काय करायचे ते सांगणे हे काम या मांडणीत शिक्षकाकडेच राहते. दुसरा आक्षेप शिक्षकांच्या बाजूने येतो : त्यांना वेळ होता कुठे? त्या काळात कोविडच्या सर्वेक्षणापासून तपासणी नाक्यांपर्यंत नाना ड्यूट्या त्यांच्यावर होत्या. हेही खरे. तरी वीस पटाच्या वर्गासाठी आठवड्याला प्रत्येक घरी वीस मिनिटे धरली, तर सात तासांच्या आत काम होते. लिंका गोळा करणे, अंगठे मोजणे आणि त्यांचे अहवाल वर पाठवणे यातून तेवढे तास काढता आले असते. ते काढले गेले नाहीत यात दोष एकट्या शिक्षकाचा नाही, वरून अहवाल मागणाऱ्यांचाही आहे.

राज्यात वेगळी वाट शोधणारे प्रयत्न झाले, आणि त्यांची आठवण ठेवायला हवी. जुलै २०२० मध्ये सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही पहिली ते आठवीसाठीची मालिका सुरू झाली. फळ्यापुढे उभ्या शिक्षकाऐवजी घर, अंगण आणि परिसरातल्या कृतींवर ती उभी होती. नागपूर आकाशवाणीवर ‘प्रथम’च्या साथीने ‘शाळेबाहेरची शाळा’ चालली. पुढे २०२२ मध्ये राज्यभर शाळापूर्व तयारीचे ‘पहिले पाऊल’ अभियान झाले, त्यात माता पालक गट तयार झाले आणि आईला आठवडाभर मुलाशी करता येतील अशा छोट्या कृती पोचवल्या गेल्या. घराशी बोलायचे कसे, याचे उत्तर या शेवटच्या प्रयत्नात आहे. ते दोन वर्षे आधी सापडले असते तर बरे झाले असते.

राहिला प्रश्न नुकसानीचा, आणि तिथे दोन उलट टोकांचे गैरसमज आहेत. एक म्हणतो, एवढ्याशा पोरांचे काय बुडते. अझीम प्रेमजी फाउंडेशनने जानेवारी २०२१ मध्ये पाच राज्यांतल्या सोळा हजारांवर मुलांची पाहणी केली. महाराष्ट्र त्यात नव्हता. भाषेतले आधी येत असलेले किमान एक कौशल्य ९२ टक्के मुले विसरली होती, गणितातले ८२ टक्के. नवे शिकणे राहिले ते वेगळेच. अकोट तालुक्यात नुकसान झालेल्यांत आणखी एका गटाची भर घालायला हवी. मेळघाटातून पुनर्वसन होऊन केलपाणी, गुल्लरघाट, सोमठाणा अशी कोरकू गावे पायथ्याला आली. या घरांची बोली कोरकू. पुस्तकी मराठी रोज कानावर पडण्याची तिथल्या लहान मुलाची मुख्य जागा शाळा होती, आणि तीच बंद झाली. म्हणून ‘घरी आता मराठीच बोला’ असे अशा घरांना सांगणे मात्र चुकीचे ठरते. आजीने कोरकूत गोष्ट सांगितली, मुलाने ती परत सांगितली, तर गोष्टीचा क्रम लावणे, पुढचे ओळखणे, कारण सांगणे हे सगळे होते, आणि ही समज वाचनात कुठल्याही भाषेत उपयोगी पडते.

दुसरे टोक म्हणते, ही पिढी वाया गेली. आकडे तसे सांगत नाहीत. ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांत दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीतली मुले २०१८ मध्ये २०.९ टक्के होती. २०२२ मध्ये ती १६.३ टक्क्यांवर आली. २०२० च्या जूनमध्ये पहिलीत नाव घातलेली मुले नेमकी हीच. दोन वर्षांनी, २०२४ मध्ये, ती पाचवीत होती, आणि सरकारी शाळांतल्या पाचवीच्या ४४.८ टक्के मुलांना तोच मजकूर वाचता आला. २०१८ मधल्या पाचवीचा आकडा होता ४४.२. मधल्या काळात काही मुले खाजगी शाळांतून सरकारी शाळांत आली आणि काही परत गेली, त्यामुळे ही तुलना काटेकोर नाही, पण दिशा स्पष्ट आहे. तमिळनाडूतल्या अभ्यासातही शाळा उघडल्यावर सहा महिन्यांत नुकसानीचा दोन तृतीयांश भाग भरून निघाल्याचे दिसले, आणि त्यातला सुमारे एक चतुर्थांश वाटा ‘इल्लम थेडि कल्वी’ या वस्तीतल्या स्वयंसेवकांच्या संध्याकाळच्या वर्गांचा होता. तेव्हा भरून निघते, पण आपोआप नाही. आणि भरून निघाले म्हणजे आपण २०१८ ला परत आलो एवढेच. तेव्हाही सरकारी शाळांतल्या पाचवीच्या निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीचा धडा वाचता येत नव्हता.

शाळेपासून मुलाला दूर ठेवणारे दिवस साथीबरोबर संपलेले नाहीत. वऱ्हाडात उन्हामुळे शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या नंतर, जूनच्या अखेरीस उघडतात. कापसाच्या आणि सोयाबीनच्या हंगामात हजेरी ढिली पडते. अतिवृष्टीत वर्ग बंद राहतात. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानेच तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि समितीत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. या समितीने वर्गशिक्षकाकडे एक वही मागावी. तिच्यात प्रत्येक मुलापुढे घरी साधा फोन कुणाकडे असतो, तो किती वाजता घरी येतो, घरात कुठली बोली बोलतात, मूल आज कुठली ओळ वाचू शकते, आणि घरात त्याचे वाचन ऐकायला कोण बसू शकते, हे लिहिलेले असावे. दर दोन महिन्यांनी ती पुन्हा भरावी, आणि सुट्टी लागण्याआधी त्या त्या घराला त्याच्या मुलापुरते एक काम तोंडी सांगावे.