जुन्या मोटारीची दारे, कुलपे आणि निगा

जबलपूर येथे तयार झालेल्या एका मोटारीच्या नावातच त्या शहराचे नाव दडलेले आहे. ‘जोंगा’ हे ते नाव होय. ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली’ या इंग्रजी शब्दांतील अक्षरे जुळवून ते बनविण्यात आले. जपानच्या निस्सान कंपनीच्या ‘पेट्रोल’ नामक गाडीच्या नमुन्यावर बेतलेली, सहा सिलिंडरांचे व सुमारे चार लिटर क्षमतेचे इंजिन असलेली ही गाडी भारतीय सैन्यासाठी जबलपूरच्या वाहन कारखान्यात विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बनत असे. सैन्याने सेवेतून काढलेल्या अनेक जोंगा पुढे लिलावात विकल्या गेल्या व हौशी लोकांच्या हाती आल्या.

जोंगा ही काही स्पोर्ट्स मोटार नव्हे. ती ओझे वाहण्यासाठी व चिखल तुडविण्यासाठी जन्मास आली. तथापि कापडी छपराची जोंगा आणि दोन आसनांची जुनी उघडी स्पोर्ट्स मोटार यांच्यात एक साम्य आहे, व ते दोघींच्या मालकांस सारखेच त्रासदायक ठरते. दोघींच्या डोक्यावर पोलादी छप्पर नसते. दार नीट न लागणे, कुलूप अडकणे, किल्ली फिरली तरी दार न उघडणे अशा ज्या तक्रारी जुन्या मोटारींबाबत नित्य ऐकू येतात, त्यांतील पुष्कळशा केवळ कुलपाच्या नसतात. त्यांचे मूळ मोटारीच्या एकंदर शरीरात असते.

यासाठी एक सोपा प्रयोग करून पाहावा. बुटांची पुठ्ठ्याची पेटी घेऊन तिचे झाकण चिकटपट्टीने चारही बाजूंनी पक्के बसवावे व पेटी दोन्ही टोकांस धरून पिळण्याचा प्रयत्न करावा. ती सहसा पिळली जात नाही. मग झाकण काढून तोच प्रयत्न करावा. आता पेटी सहज वेडीवाकडी होते. छप्पर असलेली मोटार ही झाकण लावलेली पेटी, व उघडी मोटार ही झाकण काढलेली पेटी होय. छपराचा आधार नसल्यामुळे उघड्या मोटारीत सारा भार दारांच्या खालून जाणाऱ्या लांबट पोकळ पेट्यांवर, म्हणजे मोटारीच्या उंबरठ्यांवर, आणि जेथे स्वतंत्र पोलादी चौकट असेल तेथे त्या चौकटीवर पडतो. जोंगाची चौकट भक्कम असल्याने तिला हा दोष कमी जाणवतो. स्पोर्ट्स मोटारीचे तसे नसते.

भारतीय वाचकांस परिचित असे एक उदाहरण येथे देता येईल. मद्रास येथील कारखान्यात १९६१ पासून तयार होऊ लागलेली ‘स्टँडर्ड हेरल्ड’ ही घरगुती वापराची गाडी मूळची इंग्लंडातील ट्रायम्फ कंपनीची. याच हेरल्डची चौकट आखूड करून त्या कंपनीने १९६२ मध्ये ‘स्पिटफायर’ नावाची उघडी स्पोर्ट्स मोटार बाजारात आणली. दोहोंच्या बाह्य आकाराची रचना मिकेलोत्ती या एकाच इटालियन कलाकाराची होती. परंतु स्पिटफायरमध्ये चौकटीचे बाजूचे भाग काढून टाकले असल्याने तिचे उंबरठे हे केवळ शोभेचे पत्रे न राहता भार वाहणारे अवयव बनले. ते गंजले म्हणजे मोटार मध्यभागी वाकू लागते, व ही गोष्ट प्रथम दारे सांगतात.

दार व त्यामागील खांब यांच्यामधील फट वरपासून खालपर्यंत सारख्या रुंदीची असावयास हवी. मोटार मध्ये दबली म्हणजे ही फट वर अरुंद व खाली रुंद होते. दार बंद करताना वरच्या कोपऱ्यात घासते व कुलपाची खिटी खांबावरील अडकणीच्या किंचित खाली किंवा वर येऊन आदळते. मग मालक अडकण सैल करून सरकवितो, दार लागते, आणि समाधान मानले जाते. वर्षभराने पुन्हा तीच कथा. खरा दोष उंबरठ्याच्या आत, रंगाखाली, पत्र्याच्या पोकळीत वाढतच असतो. जाणते कारागीर म्हणूनच एक परीक्षा करतात. मोटार सपाट जमिनीवर उभी असताना दाराची फट मोजावी. नंतर जॅकने एक बाजू उचलून ती पुन्हा मोजावी. फट डोळ्यांस दिसण्याइतकी बदलली, तर अडकण हलविण्याचा खटाटोप व्यर्थ आहे. उंबरठा कापून नवा पत्रा जोडावा लागेल. जुनी उघडी मोटार जॅकवर असताना तिचे दार उघडू नये असे जे म्हणतात त्याचेही कारण हेच. उघडलेले दार पुन्हा चौकटीत बसत नाही आणि ते बळाने लोटल्यास बिजागरी वाकते.

आता कुलपाकडे वळू. मोटारीच्या दारात दोन निराळी यंत्रे असतात, आणि त्यांची गल्लत नेहमी केली जाते. एक, दार धरून ठेवणारी खिटी. दुसरे, ती खिटी कोणी उघडू नये म्हणून असलेले किल्लीचे कुलूप. पहिल्याचा संबंध जिवाशी आहे, दुसऱ्याचा मालमत्तेशी.

आरंभीच्या मोटारींची खिटी घराच्या दाराच्या खिटीसारखीच असे. स्प्रिंगच्या जोराने ती खाचेत जाऊन बसे. अपघातात मोटारीचे शरीर पिळले गेले की खाच बाजूस सरके व दार आपोआप उघडे. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी मोटार अपघातांचा अभ्यास करून असे दाखविले की, अपघातात गाडीबाहेर फेकला जाणारा मनुष्य गाडीत राहणाऱ्यापेक्षा फार अधिक संकटात असतो. त्यानंतर, १९५६ च्या सुमारास, अमेरिकन मोटारींत परस्परांत गुंतून राहणाऱ्या खिट्या दिसू लागल्या. पुढे फिरत्या दातेरी चकतीची खिटी सर्वत्र आली. ही चकती अडकणीस चहूबाजूंनी कवटाळते, त्यामुळे दार ओढले गेले तरी सुटत नाही. अशी खिटी दोन टप्प्यांत लागते, म्हणून दार लावताना कान दिल्यास दोन ‘टक’ ऐकू येतात. पहिल्याच टप्प्यावर थांबलेले दार बंद दिसते, पण ते पूर्ण बंद नसते. जुन्या मोटारीचे दार वळणावर खडखडत असेल तर प्रवास थांबवून हे आधी पाहावे.

किल्लीच्या कुलपाचा अंतर्भाग मात्र साधा आहे. दंडगोलाच्या आडव्या खाचांत पितळेच्या पातळ पट्ट्या बसविलेल्या असतात व प्रत्येकीच्या मागे केसासारखी बारीक स्प्रिंग असते. किल्ली नसताना या पट्ट्या दंडगोलाबाहेर डोकावून त्यास फिरू देत नाहीत. योग्य किल्ली आत गेली की तिच्या दात्यांमुळे सर्व पट्ट्या एकाच पातळीत येतात आणि दंडगोल फिरतो. चाळीस-पन्नास वर्षे वापरलेल्या किल्लीचे दाते झिजून गोल झालेले असतात. अशा किल्लीवरून नवी किल्ली करविल्यास झीजही तिच्यात उतरते, आणि नवी किल्ली जुनीपेक्षाही वाईट चालते. किल्लीवर किंवा कुलपाच्या दंडगोलावर क्रमांक कोरलेला असल्यास त्यावरून किल्ली करविणे उत्तम.

किल्ली सहज फिरते, पण दार उघडत नाही, अशीही अवस्था येते. तेथे दंडगोल निर्दोष असून तो व खिटी यांना जोडणारी तार अथवा तिच्या टोकाची छोटी चिमटी निखळलेली असते. दाराच्या आतील पुठ्ठ्याचे आवरण काढल्यास ती बहुधा तळाशी पडलेली सापडते. तसेच, पुष्कळ जुन्या इंग्रजी मोटारींत बाहेरून किल्ली लावण्याची सोय एकाच दारास असे. दुसरे दार आतील मूठ पुढे ढकलून बंद करावे लागे. नव्या मालकास हा बिघाड वाटतो. तो बिघाड नव्हे, रचनाच तशी आहे. कापडी छपराच्या मोटारीचे मालक तर कित्येकदा दारास कुलूप लावीतच नाहीत. चोराने छपराचे कापड फाडण्यापेक्षा दार उघडावे हे त्यांस स्वस्त वाटते.

जबलपूरसारख्या ठिकाणी या यंत्रांची परीक्षा ऋतू घेतात. उन्हाळ्यात कुलूप अडकले की पोलाद प्रसरण पावले असा तर्क केला जातो. हिशेब करून पाहावा. एक मीटर लांबीचे पोलाद दर अंशास सुमारे १२ दशलक्षांश मीटर वाढते. तापमान ४० अंशांनी चढले तर वाढ अर्धा मिलिमीटरही भरत नाही. शिवाय दार व खांब दोन्ही एकत्रच वाढतात. दोष प्रायः उष्णतेच्या प्रसरणाचा नसून सुकलेल्या वंगणाचा असतो. वर्षानुवर्षे घातलेल्या तेलात धूळ बसून त्याची घट्ट राळ होते. म्हणून किल्लीच्या छिद्रात तेल न ओतता ग्रॅफाइटची कोरडी पूड फुंकावी, आणि खिटी व बिजागरीस मात्र जुना मळ रॉकेलने धुऊन मगच ग्रीस लावावे.

पावसाळ्याचे संकट निराळे. काचेच्या कडेने पाणी दाराच्या पोकळीत उतरते, आणि ते उतरावे हे रचनाकारांस अपेक्षितच असते. त्यासाठी दाराच्या तळाशी छिद्रे ठेवलेली असतात. ही छिद्रे धूळ व पाने यांनी बुजली म्हणजे दार पाण्याची टाकी बनते. दार हलविल्यावर आत पाण्याचा खळखळाट ऐकू आला तर मृग निघण्याची वाट न पाहता तारेने छिद्रे मोकळी करावीत. उंबरठ्यांनाही अशीच छिद्रे असतात, आणि रंगारी ती हमखास बुजवून टाकतात.

दारांकडे लक्ष जात असताना इतर दोन गोष्टींकडे दुर्लक्ष झाल्यास परिणाम अधिक भयंकर होतो. हेरल्ड व स्पिटफायर यांच्या पुढील चाकांचा खालचा सांधा पितळेत फिरणाऱ्या पोलादी आट्याचा आहे. त्यास ग्रीस नव्हे, तर गिअरचे दाट तेल द्यावयाचे असते. दिसायला तो ग्रीसच्या इतर सांध्यांसारखाच असल्याने कारागीर त्यात ग्रीस भरतात. ते आट्यांपर्यंत पोहोचत नाही, तेथे पाणी शिरते, पोलाद गंजते, आणि एखाद्या दिवशी वळणावर आटा तुटून चाक आडवे पडते.

दुसरी गोष्ट पेट्रोलची. भारतात २०२५ पर्यंत २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्वत्र आले. जुन्या मोटारींच्या रबरी नळ्या व पंपातील पडदे अशा मिश्रणासाठी बनविलेले नव्हते. ते फुगतात, मऊ होतात किंवा चिरतात. शिवाय इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते व उभ्या ठेवलेल्या मोटारीच्या टाकीत पाणी साचते. इंजिन तापलेले असताना चिरलेल्या नळीतून झिरपणारे पेट्रोल आग लावण्यास पुरेसे आहे. म्हणून इथेनॉलला टिकणाऱ्या नव्या नळ्या बसविणे हा खर्च रंगाच्या व चामड्याच्या आसनांच्या आधी करावयाचा आहे. मोटार महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर बॅटरीची तार सोडून ठेवावी. आणि एक सुटी किल्ली घरात, मोटारीबाहेर, ठेवावी.