तळी एकट्याने उचलता येत नाही

आमच्याकडे आषाढी एकादशीला कांदा-वांगं बंद होतं, ते थेट चंपाषष्ठीला सुटतं. कार्तिकी एकादशीला चातुर्मास संपतो, बाजारात वांग्यांचे ढीग लागतात, पण खंडोबाला भरीत दाखवल्याशिवाय आमच्या घरात कुणी वांग्याला हात लावत नाही. लग्न होऊन बार्शीच्या या घरात आले, तेव्हा मला हे जरा अतीच वाटायचं. आता सून विचारते, “आई, नसतं पाळलं तर काय होईल?” मी सांगते, “काही होणार नाही. देव कोपत नाही. फक्त त्या दिवशीच्या भरताची चव जाईल.”

खंडोबा हे महाराष्ट्रातल्या असंख्य घरांचं कुलदैवत. धनगर, मराठा, रामोशी, कोळी, देशस्थ ब्राह्मण अशा कितीतरी समाजांत त्याचे टाक देव्हाऱ्यात असतात. जेजुरीचा गड त्याचं मोठं ठाणं. तिथल्या देवळाच्या बांधकामात होळकरांचा मोठा वाटा. मणी आणि मल्ल या दैत्यांचा देवाने पाडाव केला तो दिवस मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीचा, म्हणजेच चंपाषष्ठीचा, अशी कथा आहे. म्हणून प्रतिपदेला घट बसतो, सहा दिवस नंदादीप तेवतो, रोज फुलांची एक माळ वाढते आणि षष्ठीला घट उठतात.

त्या दिवशीचा नैवेद्य पाहिला की हा देव कुणाचा ते लगेच कळतं. श्रीखंड नाही, बासुंदी नाही. निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचं भरीत, बाजरीचा रोडगा, पातीचा कांदा, लसूण. खरिपाची बाजरी नुकती घरात आलेली असते, थंडीमुळे वांगी गोडीला आलेली असतात. शेतकऱ्याच्या घरात त्या दिवसांत जे असतं तेच देवाच्या ताटात पडतं. खंडोबाबरोबर कुत्रा असतो, म्हणून गल्लीतल्या कुत्र्यांनाही घास. लहानपणी माझ्या मुलाकडे हेच काम होतं. एरवी अभ्यासाला दहा हाका माराव्या लागायच्या, पण त्या दिवशी रोडगा घेऊन स्वारी सगळ्यांच्या आधी दारात.

मग तळी भरायची. ताम्हनात विड्याची पानं, सुपाऱ्या, खोबऱ्याच्या वाट्या आणि भंडारा, म्हणजे हळद. भोवती पाच जण बसतात, सगळे मिळून ताम्हन धरतात आणि ‘सदानंदाचा येळकोट’ म्हणत वर उचलतात. पुन्हा ठेवायचं, पुन्हा उचलायचं. दिवटी पेटवून देवाला ओवाळायचं आणि नंतर ती दुधाने शांत करायची. शेवटी एकमेकांच्या कपाळी भंडारा लावायचा आणि खोबरं वाटायचं.

या कुळाचाराची खरी किंमत मला याच तळीत दिसते. पूजा एकटा माणूस करू शकतो, जप तर एकट्यानेच करायचा असतो. तळीला मात्र माणसं लागतात. शेताच्या बांधावरून आमच्याकडे दोन भावांत वर्षभर अबोला होता. तरी चंपाषष्ठीला दोघंही ताम्हनाला हात लावायला बसले. वाद मिटला नाही, तो पुढे कितीतरी दिवस चालला. पण ज्याच्याशी बोलायचं नाही त्याच्याच कपाळाला भंडारा लावावा लागला आणि निदान येणं-जाणं सुरू राहिलं. एवढं काम समजावणीच्या दहा बैठकांनी झालं नसतं.

पूर्वी तळीला पुरुषच बसत. माझे दीर नोकरीनिमित्त बाहेरगावी गेले, पुतणे शिकायला गेले आणि एका वर्षी घरात तळीपुरते पुरुषच उरले नाहीत. सासूबाई कर्मठ, त्यांचं सोवळं कडक. पण त्याच म्हणाल्या, “माणसं कमी पडली म्हणून काय देवाची तळी राहू द्यायची? बसा गं पोरींनो.” त्या वर्षीपासून आमच्याकडे लेकी-सुना तळी उचलतात. विधवा आत्याबाई इतर वेळी हळदीकुंकवाला मागे सरायच्या. भंडारा मात्र त्यांच्या कपाळी सगळ्यांसारखाच लागला. परंपरा अशी वाकते तेव्हाच टिकते, आणि वाकवायचा अधिकार ती मनापासून पाळणाऱ्या माणसाकडेच असतो, हे मी सासूबाईंकडून शिकले.

परंपरेचं सगळंच गोड असतं असं मी म्हणणार नाही. घट बसले की सहा दिवस घरच्या बाईची कंबर मोडते आणि कौतुक ताम्हन उचलणाऱ्यांचं होतं. ज्या घरात कुळाचार एकटीच्या डोक्यावर पडतो, तिथली पुढची पिढी तो बंद करते, आणि त्यांना दोष देता येत नाही. म्हणून आमच्याकडे आता कामं वाटून घेतली आहेत. वांगी भाजणं मुलाकडे, रोडगे सुनेकडे आणि माझ्याकडे, माळा नातीकडे. मुलगा स्वतःला नास्तिक म्हणवतो. तरी सुट्टी टाकून पुण्याहून येतो आणि वांगी त्याच्याशिवाय कुणाला भाजू देत नाही. त्याच्या श्रद्धेची मी चौकशी करत नाही. तो येतो, हातभार लावतो, माझ्या लेखी तेवढं पुरे.

तुमच्या घरी खंडोबा नसेल, महालक्ष्म्या असतील, बोडण असेल, एकादशी असेल. जे असेल त्यातलं निदान एक तरी नीट चालू ठेवा. घरातल्या मोठ्यांना ते का करतात हे विचारा आणि तपशील लिहून ठेवा. ज्यात कुणाचा अपमान होतो ते बिनदिक्कत सोडा. आणि उरलेल्यात घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः लहान मुलांना, स्वतःचं असं एक काम द्या. नुसती पाहिलेली पूजा मुलं विसरतात. हाताने केलेली विसरत नाहीत.