छोट्या होडीवर पक्कं छप्पर: तिघऱ्याची आंधी आधी आठवा

मे महिन्यात ग्वाल्हेरचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. तिघऱ्याच्या उघड्या पाण्यावर गळ टाकून दोन तास बसायचं म्हटलं तर डोकं भाजून निघतं. ताडपत्री लावावी तर ती दोन हंगामांत चिंध्या होते. त्यामुळे १६-१८ फुटी फायबर होडीवर पक्कं छप्पर, म्हणजे हार्डटॉप, बसवायचं अनेकांच्या मनात येतं. सावलीची गरज खरी आहे. पण याच मे-जूनमध्ये दुपार कलली की आंधी सुटते, आणि छपराची खरी परीक्षा तेव्हा होते.

(जाता जाता: सांक नदीवरचं हे धरण १९१६ सालचं. विश्वेश्वरय्यांचे आपोआप उघडणारे दरवाजे १९०३ मध्ये आधी आपल्या खडकवासल्याला बसले, मग इथे. पुण्याचं आणि ग्वाल्हेरचं नातं असं पाण्यातूनही आहे. असो.)

फॅब्रिकेटर विचारतो, "किती बाय किती?" वजन कुणी विचारत नाही. समजा छप्पर २ मीटर लांब, १.६ मीटर रुंद. १२ मिलिमीटरचा मरीन प्लाय, दोन्ही बाजूंनी फायबरचा एकेक थर: झाले ३५ किलो. खालचे स्टीलचे पाइप २०-२५ किलो. म्हणजे ६० किलोचा एक माणूस कायमचा डोक्याच्या उंचीवर बसवला. होडी, इंजिन, तेल आणि तीन माणसं मिळून ७०० किलो धरली, आणि छप्पर होडीच्या जडपणाच्या मध्यापासून दीड मीटर वर असलं, तर तो मध्य सुमारे १२ सेंटीमीटर वर सरकतो. ऐकायला थोडं वाटतं. छोट्या होडीच्या तोलात मात्र ते फार आहे. प्लायऐवजी फोमचा गाभा घातला तर छप्पर २०-२२ किलोंत बसतं. पैसे जास्त जातात, पण आमच्या मते खर्च करायचाच तर इथे करा. पत्र्याचा नाद नको.

आता वारा. ताशी ६० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब एका चौरस मीटरवर साधारण १७ किलो पडतो, आणि वेग दुप्पट झाला की दाब चौपट. ऊन लागतं म्हणून बाजूला दोन मीटर लांब, सव्वा मीटर उंच पडदा सोडला असेल तर ४० किलोंचा रेटा आडवा बसतो, तोही पाण्यापासून सव्वा-दीड मीटर वर. एखादा माणूस अचानक काठावर येऊन बसावा तशी होडी कलते. तेव्हाच गळाला मासा लागला आणि दोघे त्याच बाजूला वाकले तर? म्हणून आभाळ पिवळं दिसलं की पहिलं काम पडदे गुंडाळायचे आणि नाळ वाऱ्याकडे करायची.

हे घाबरवायला सांगत नाही. केरळात तानूरला ७ मे २०२३ रोजी बोट उलटून २२ जणं गेली. ती मूळची मासेमारीची बोट. पर्यटनासाठी तिच्यावर मजला चढवला होता आणि माणसंही जास्त भरली होती. आपलं छप्पर म्हणजे मजला नव्हे, हे कबूल. पण होडीला वरचं वजन आणि खालचं वजन एकसारखं वाटत नाही, हा नियम दोन्हीकडे तोच. छपरावर पोराला चढू देऊ नका, आणि जाळ्याची पोतीही वर टाकू नका.

उंची ठरवताना उभं राहण्याचा हट्ट सोडा. बसलेल्या माणसाच्या डोक्यावर वीतभर जागा राहिली की पुरे. छप्पर इंजिन चालवणाऱ्याच्या जागेपुरतंच ठेवा. नाळेकडची जागा नांगर टाकायला आणि गळ फेकायला मोकळी हवी. मधे थोडा उंचवटा द्या. सपाट छपरावर एक सेंटीमीटर पाणी साचलं तरी ३२ किलो वजन वाढतं!

पाय बसवताना नुसते स्क्रू मारून देणारे कारागीर भेटतात. त्यांना नाही म्हणा. काठाचं फायबर पातळ असतं, आणि तेवढ्या वाऱ्यात वरची उचल पन्नास किलोंच्या घरात जाते. स्क्रू उपटून निघतात. आरपार बोल्ट, आत रुंद पट्टी, नायलॉक नट, भोकाभोवती सीलंट. काठाच्या आत लाकूड असेल तर भोक जरा मोठं पाडून इपॉक्सीने भरा आणि मग पुन्हा पाडा, नाहीतर पाणी मुरून लाकूड कुजतं. चारही पायांना तिरका आधार द्या. माणूस चढताना-उतरताना हात छपरालाच घालतो, हेही धरून चला.

मग तोल तपासा. छप्पर बसवायच्या आधी, वारा नसताना, उथळ पाण्यात होडी हलवून सोडा आणि ती दहा वेळा इकडून तिकडे जायला किती सेकंद घेते ते लिहून ठेवा. छप्पर बसल्यावर तितक्याच माणसांनी, तितक्याच तेलाने पुन्हा मोजा. थोडा वेळ वाढणारच. पण होडी आळसावल्यासारखी झुलायला लागली, कलल्यावर क्षणभर तिथेच थांबून मग परत यायला लागली, तर छप्पर उतरवून हलकं किंवा बुटकं करा. एकदा सगळ्यांना एकाच बाजूला बसवून काठ पाण्यापासून किती वर राहतो तेही पाहा.

लाइफ जॅकेट छपराखाली टांगायची सवय दिसते. होडी उलटली तर ते छप्परच डोक्यावर झाकणासारखं येतं, आणि जॅकेट शोधायला वेळ मिळत नाही. किनारा सोडायच्या आधीच अंगात घाला.

होडीची नोंदणी असेल तर बदल करण्याआधी नोंदणी कार्यालयात विचारून घ्या, आणि विमा असेल तर कंपनीलाही लेखी कळवा. पहिल्या चार-पाच फेऱ्यांनंतर सगळे बोल्ट पान्याने पुन्हा आवळा; नवं काम थोडं बसतंच.