भूकंपानंतरचे मन

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. गणपती विसर्जन करून आलेली माणसे दगडमातीच्या जाड भिंतींच्या घरांत गाढ झोपली होती. त्या भिंतींनीच घात केला. अशा प्रसंगातून जो वाचतो, तो पुढे छपराखाली निजायला धजत नाही. रस्त्याने ट्रक गेला तरी दचकून उठतो. आपण त्याला भित्रा म्हणतो, आणि इथेच चुकतो. संकटाची चाहूल लागताच छाती धडधडावी, हा देहाचा धर्मच आहे. संकट सरले, हे देहाला लवकर पटत नाही, इतकेच.

ते पटवावे कसे? श्वास सावकाश घ्यावा व त्याहून सावकाश सोडावा. सोडताना नाडी मंदावते. पाय जमिनीवर टेकवून समोरच्या पाच वस्तू एकेक न्याहाळाव्या. मन त्या रात्रीतून आजच्या दिवसात येते. जेवणाझोपेची वेळ बांधून घ्यावी, हाताला काम द्यावे. दारूने मात्र झोप अधिकच मोडते.

आणि शेजाऱ्यांनी? ‘झाले गेले विसरा’ म्हणू नये, तसेच खोदखोदून हकिकतही विचारू नये. तो बोलला तर ऐकावे; न बोलला तर नुसते जवळ बसावे. महिना उलटूनही झोप येत नसेल, तर डॉक्टरांकडे न्यावे. जीव नकोसा झाला असेल, तर त्याच दिवशी न्यावे. पडलेले घर उभारायला आपण धावतो. घरातल्या माणसासाठीही तसेच धावले पाहिजे.